तटाच्या आतलं गाव कोण राखणार?



आज आपण इतिहासावर बोलणार आहोत, पण राजांच्या लढायांवर नाही. जुनी घरं, जुने वाडे, जुन्या गल्ल्या कशा टिकतात आणि कशा नाहीशा होतात, त्यावर बोलणार आहोत. विषय शहरातला वाटेल. पण भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोली इथे नगर परिषदा आहेत, मोहाडी, लाखनी आणि लाखांदूरला नगर पंचायती आहेत. म्हणजे शहराचे नियम आपल्या दारापर्यंत आलेलेच आहेत. ते आपल्या कामी कसे येतील, हे समजून घेऊ.

पवनीला आपल्यापैकी बऱ्याच जणी गेल्या असतील. कुणी घाटावर, कुणी देवळात, कुणी पाहुणीकडे. या गावाच्या एका अंगाला वैनगंगा आहे आणि बाकीच्या बाजूंनी जुना तट आणि खंदक. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीच्या मातीखालून बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाभोवती कोरीव दगडी खांबांचा कठडा होता, आणि दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या कमाईतून दान दिलं, नाव कोरून घेतलं, आणि ते नाव आज वाचता येतं.

पण जे मातीखाली होतं ते राहिलं, कारण तिथे कुणाचा हात पोचला नाही. जे मातीवर उभं आहे, त्याचं काय? लाकडी खांबांचा वाडा, कवेलूची ओसरी, दगडी पायऱ्यांची विहीर, देवळासमोरचा पार. यांना कोण राखतं?

याची दोन उत्तरं जगात दिली गेली. एक जुनं आणि एक त्यामानाने नवं.

जुनं उत्तर म्हणजे एकेका वास्तूला कुंपण घालणं. आपल्या देशात १९०४ साली, लॉर्ड कर्झनच्या काळात, प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली केंद्राचा नवा कायदा आला आणि १९६० साली महाराष्ट्राने आपला वेगळा कायदा केला. या कायद्यांनी किल्ले, लेणी, देवळं, मशिदी, स्तूप राखले. हे काम मोठं आहे. पण कुंपणाच्या आत काय येतं, ते बघा. राजाचं येतं, देवाचं येतं. विणकराची गल्ली येत नाही. ज्या ओसरीत बसून चार पिढ्यांच्या बायांनी धान पाखडलं, ती ओसरी येत नाही. आणि गंमत अशी की गाव जुनं वाटतं ते एका किल्ल्यामुळे नाही. ओळीने उभ्या असलेल्या साध्या घरांमुळे गाव जुनं वाटतं. त्यातलं एक घर पडलं तर कुणी बोलत नाही, आणि दहा वर्षांत अख्खी ओळ गेलेली असते.

म्हणून दुसरं उत्तर पुढे आलं. एक इमारत नाही, तर शहराचा एक पूर्ण भागच नियमाखाली आणायचा. त्या भागात राहा, व्यापार करा, घर दुरुस्त करा, विका. पण घराचा दर्शनी भाग बदलायचा किंवा घर पाडायचं असेल, तर आधी एका समितीला विचारा.

हा नियम सगळ्यात आधी अमेरिकेतल्या चार्ल्सटन नावाच्या बंदराच्या शहरात झाला, १९३१ साली. त्यामागे मोठा हात बायांचा होता, म्हणून ती गोष्ट आपल्याला ठाऊक असावी. सुसान प्रिंगल फ्रॉस्ट नावाची बाई तिथे घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करत असे. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणूनही ती झटली होती. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि जुनी घरं पाडून पेट्रोल पंप होऊ लागले. बाहेरचे श्रीमंत लोक जुन्या घरांतलं कोरीव लाकूडकाम आणि लोखंडी कठडे विकत घेऊन काढून नेऊ लागले. १९२० साली एक जुना वाडा धोक्यात आला, तेव्हा फ्रॉस्टबाईंनी लोकांना जमवून संस्था काढली. आधी त्यांनी एकेक घर विकत घेऊन वाचवायचा प्रयत्न केला. त्यात कर्ज वाढलं, आणि एका घरामागे दुसरं घर जातच राहिलं. शेवटी पैशाने जे होत नव्हतं, ते नगरपालिकेच्या नियमाने झालं. शहराचा एक भाग ‘जुना आणि ऐतिहासिक’ म्हणून आखला गेला आणि घरांच्या बाहेरच्या बदलांवर समितीची परवानगी लागू झाली.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या मोडक्या घरांत गरीब काळी कुटुंबं भाड्याने राहत होती. घरं सुधारली, किमती वाढल्या, आणि ती कुटुंबं बाहेर गेली. भिंती वाचल्या, पण आतली माणसं गेली. जुनं राखायचं म्हणताना कुणासाठी राखायचं, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

आता आपल्या राज्यात येऊ. मुंबईलाही कधीकाळी तट होता. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तो पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जागेच्या आसपास हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्यासाठी पैसा देणारे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरला आपल्या आईचं नाव दिलं. म्हणजे मुंबईच्या त्या भागातलं एक उंच नाव एका आईचं आहे.

शंभर वर्षांनी याच इमारतींवर आणि त्यांच्या आजूबाजूच्या वस्त्यांवर संकट आलं. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव आला. दोन मजल्यांचं घर पाडून वीस मजले चढवले तर मालकाचं भलं होत होतं. तेव्हा काही नागरिक, वास्तुरचनाकार आणि इतिहासाचे अभ्यासक मागे लागले. श्याम चैनानी यांचा बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप त्यात होता. याद्या तयार झाल्या, पत्रं लिहिली गेली, सरकारदरबारी खेटे घातले गेले. अखेर १९९५ साली राज्य सरकारने मुंबईसाठी वारसा नियम लागू केले. त्यांच्या यादीत सहाशेहून जास्त नोंदी होत्या. सुट्या इमारती होत्या, आणि अख्खे वारसा परिसरही होते.

या नियमाचं काम कसं चालतं? पहिली गोष्ट म्हणजे यादी. जे यादीत नाही, त्याला संरक्षण नाही. दुसरी गोष्ट म्हणजे श्रेणी. यादीतल्या इमारतींच्या तीन श्रेणी असतात. आपल्या घरातल्या वस्तूंवरून त्या लक्षात ठेवता येतील.

पहिली श्रेणी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी. तिला धुवायचं, पुसायचं, पण तिचा आकार बदलायचा नाही. या इमारतींत अगदी गरजेपुरतीच दुरुस्ती होते.

दुसरी श्रेणी आजीच्या पितळी भांड्यासारखी. भंडाऱ्याला पितळेचं वेगळं सांगायला नको. आतून कल्हई करून घेतो, पाण्याचं भांडं धान्याला वापरतो, पण ठोकून त्याचा आकार मोडत नाही. तसंच या इमारतींत आतले बदल आणि नवा वापर विचारपूर्वक करता येतो. बाहेरचं रूप राखावं लागतं.

तिसरी श्रेणी मांडणीवर ओळीने लावलेल्या ताटांसारखी. एकेक ताट साधंच असतं, पण ओळ सारखी असली की घराला शोभा येते. अशा घरांत बदलाला जास्त मोकळीक असते, मात्र ओळ बिघडू नये एवढं बघतात.

तिसरी गोष्ट म्हणजे समिती. तिला वारसा संवर्धन समिती म्हणतात. तिच्यात जाणकार माणसं असतात. अशा इमारतीत काही करायचं असेल तर अर्ज तिच्यापुढे जातो, ती आपलं मत देते, आणि परवानगीचा निर्णय महापालिकेचे आयुक्त घेतात. नागपुरातही अशी समिती आणि अशी यादी आहे. ज्या कस्तूरचंद पार्कवरून आपण कितीदा गेलो असू, तो त्या यादीत आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मालकाचं काय? सरकारने म्हटलं की तुझं घर वारसा आहे, वर मजले चढवू नको. मग त्याचं नुकसान कुणी भरायचं? मुंबईच्या नियमात त्यावर एक तोड आहे. जागेवर जेवढं बांधकाम करता आलं असतं, पण वारशामुळे करता येत नाही, तेवढा हक्क मालकाला कागदावर मिळू शकतो. तो कागद दुसरीकडे बांधकाम करणाऱ्याला विकता येतो. त्याला टीडीआर म्हणतात.

मैत्रिणींनो, हा नियम झाला म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मुंबईत जुन्या चाळींची भाडी कायद्याने गोठवली होती. चार पैसे भाड्यात मालक छप्पर दुरुस्त करेना, आणि भाडेकरूला दुसरीकडे घर परवडेना. गळक्या घरात पावसाळा काढणाऱ्या बाईला ‘तुमची चाळ वारसा आहे’ असं सांगितलं तर ती काय म्हणेल? २०१२ साली मुंबई महापालिकेने वारसा इमारतींची आणखी एक यादी पुढे आणली. तेव्हा शिवाजी पार्क भागातल्या कितीतरी रहिवाशांनी विरोध केला. आमची घरं जुनी झाली, आम्हाला लिफ्ट हवी, मोठी खोली हवी, पुनर्विकास अडवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चूक म्हणता येत नाही.

पण दुसरं उदाहरणही मुंबईचंच आहे. काळा घोडा भागातल्या लोकांनी १९९८ साली आपली संघटना केली. दर वर्षी कला महोत्सव भरवायला सुरुवात केली आणि त्यातून उभा राहिलेला पैसा त्या भागातल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला लावला. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला ती जुनी दगडी हायकोर्ट आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला नंतरच्या काळातल्या राहत्या इमारती. २०१८ साली या परिसरातल्या ९४ इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी त्यासाठीचा प्रस्ताव तयार केला, आणि तिथल्या रहिवाशांच्या संघटना वर्षानुवर्षं त्यामागे होत्या. म्हणजे नियम सरकारचा असला तरी त्यात जीव रहिवाशांनी ओतला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. इथे दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली अडचण कुंपणाजवळच्या घरांची. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांसाठी २०१० साली कायदा कडक झाला. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकामाला परवानगी घ्यावी लागते. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे १०० मीटर कागदावर एवढेसे दिसतात. पण त्यात ज्यांचं घर आहे, त्यांच्यासाठी हाच प्रश्न घरकुलाचा होतो. यादीत नाव आलं, हप्ता येणार, आणि जागा बसत नाही.

अशा वेळी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, स्मारकाचा फलक वाचा. १०० आणि २०० मीटरचा हा नियम केंद्राच्या स्मारकांना आहे. राज्याच्या स्मारकांचा कायदा वेगळा आहे. तोंडी कुणी काही सांगितलं तर लेखी मागा. दोन, १६ जून १९९२ च्या आधीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी १०० मीटरच्या आतही अर्ज करता येतो. म्हणून जुनी घरपट्टीची पावती, नमुना आठचा उतारा, वीजबिल फेकू नका. तेच तुमचे पुरावे आहेत. तीन, सार्वजनिक शौचालय, गटार आणि लोकांसाठीच्या पाणीपुरवठ्याची कामं या कायद्याच्या ‘बांधकाम’ या शब्दात धरलेली नाहीत. ‘स्मारक आहे म्हणून नळ देता येत नाही’ असं कुणी म्हटलं, तर कायद्यातलं हे वाक्य दाखवायला सांगा.

दुसरी अडचण याच्या अगदी उलट आहे. ज्या वाड्याला, गल्लीला, विहिरीला कसलंच कुंपण नाही, तिथे विचारणारं कुणीच नाही. वाडा मालकाचा, मालक पुण्याला किंवा नागपूरला, आणि एक दिवस जेसीबी येतो.

इथे नगररचनेचा कायदा कामी येऊ शकतो. महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा सांगतो की शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू, वारसा इमारती आणि वारसा परिसर जपण्याची तरतूद करता येते. विकास आराखडा म्हणजे गावाचा पुढच्या वीसेक वर्षांचा नकाशा. रस्ता कुठे, शाळा कुठे, बाजार कुठे, हे त्यात ठरतं. हा आराखडा आधी कच्चा प्रसिद्ध होतो. त्याची सूचना वर्तमानपत्रात येते, नकाशा कार्यालयात बघायला ठेवतात, आणि ठरलेल्या मुदतीत कुणालाही हरकत किंवा सूचना देता येते. हरकत देणाऱ्याची सुनावणी होते. ती मुदत गेली की मग नकाशावरची रेघ पुसणं कठीण. रुंद रस्त्याची रेघ नेमकी जुन्या वाड्यांच्या ओळीतून गेली आहे का, हे त्याच दिवसांत बघायचं असतं.

खेड्यात असा आराखडा नसतो. तिथे ग्रामसभा आहे. अंबागडचा किल्ला बख्त बुलंद शाहाच्या काळातला, म्हणजे आपल्या गोंड इतिहासाची खूण. सानगडीचाही किल्ला आहे. अशा ठिकाणांच्या वाटा, पायऱ्या, तळी यांची निगा राखायचा ठराव ग्रामसभेत बायांनी मांडला, तर तो नोंदवहीत जातो. पुढे पुरातत्त्व विभागाकडे काही मागायचं झालं, तर तो कागद हाती असतो.

आणखी एका कागदाबद्दल सांगायचं आहे. वाडा पडतो तो बहुतेक वेळा भावंडांच्या वाटणीत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे. म्हणून वाडा विकताना बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. साडी देतात, जेवू घालतात, आणि सही घेतात. सही करायची की नाही, हा तुमचा निर्णय आहे. पण सही करण्याआधी वाड्याचं पुढे काय होणार, एवढं विचारायचा अधिकार तुम्हाला नक्की आहे. जुनं राखण्याच्या सगळ्या गोष्टींत बायांचा हात दिसतो, आणि जुनं मोडण्याच्या कागदावरही आपलीच सही लागते.

आमचं म्हणणं असं नाही की प्रत्येक पडकी भिंत राखा. मातीच्या घरात पावसाळे आपणच काढले आहेत. सिमेंटचं घर हवं असं वाटणाऱ्या बाईला कुणी बोल लावू नये. आमचं म्हणणं इतकंच आहे की काय राखायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे जेसीबी येण्याच्या आधी, सगळ्यांनी मिळून ठरवावं. आणि ज्याचं घर राखायचं ठरेल, त्याला एकट्याला त्याचा भार देऊ नये. टीडीआर तिथेच चालतो, जिथे तो विकत घ्यायला बिल्डर असतो. पवनी-तुमसरसारख्या गावात त्यापेक्षा घरपट्टीत सवलत, दुरुस्तीला थोडी मदत, जुनं लाकूडकाम आणि कवेलू बसवणाऱ्या कारागिराला काम, हे जास्त उपयोगाचं. मागायचं तर हे मागावं.

सुरुवात यादीपासून होते, हे मुंबईवरून आपण पाहिलं. यादी करायला शिक्का लागत नाही. महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. एक वही घ्या. गावातल्या साठ-सत्तर वर्षांहून जुन्या वास्तू लिहा. घर कुणाचं, कधीचं, कुणी बांधलं, आत कोण राहतं, त्यांना काय अडचण आहे. विहीर असेल तर पाणी कुणाला मिळत होतं आणि कुणाला मिळत नव्हतं, तेही लिहा. तोही इतिहासच आहे. जुन्या जाणत्या बायांना विचारा, त्यांना भिंतीभिंतीची माहिती असते. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दोन प्रती करा. एक गटाकडे ठेवा, एक नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.

उद्या आराखड्याची सूचना निघाली तर तुमच्या हातात वही असेल. आणि सूचना निघाली नाही, एखादा वाडा पडलाच, तरी तो कसा होता आणि त्यात कोण राहत होतं, हे तुमच्या नातींना वाचता येईल. पवनीच्या दगडावर ज्यांची नावं राहिली, तीही कुणीतरी त्या वेळी लिहून ठेवली म्हणूनच राहिली.